कांताबाईंचं गरम चीज

आमच्या सोसायटीत कुठलाही कार्यक्रम ठरला की कोणी काय आणायचं याची यादी मी करते. मला कोणी नेमलेलं नाही. पण मी नाही केली तर सोळा घरांतून सोळा भांडी गुलाबजाम येतील, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलंय. पोस्टाच्या खिडकीवर मी चौतीस वर्षं काढली, त्यामुळे माणसांना रांगेत उभं करायची खोड काही जात नाही. कर्वेनगरातली आमची इमारत चार मजल्यांची. प्रत्येक घरानं एक पदार्थ करायचा, गच्चीवर टेबलं मांडायची, आणि ज्याचं भांडं आधी रिकामं होईल त्यानं आठवडाभर मिरवायचं, अशी आमची रीत आहे.

त्या यादीत एक ओळ मी चार वर्षं न विचारता लिहीत आले. चौथा मजला, कांताबाई: कागदी प्लेटा आणि पेले.

पहिल्या वर्षी ही ओळ माझ्याच बैठकीच्या खोलीत ठरली. पाचसहा बायका जमलो होतो. कोणीतरी म्हणालं, त्या बिचाऱ्या एकट्या आहेत, त्यांना कशाला स्वयंपाकाच्या खटाटोपात घालायचं, प्लेटा द्या त्यांना. सगळ्यांनी इतक्या घाईनं माना डोलावल्या की मला लगेच लिहावं लागलं. एकटी तर मीही आहे. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी पूर्णिमा हिंजवडीला असते आणि एक शनिवार सोडून एक शनिवारी येते. पण माझ्या नावापुढे वीस माणसांचा साखरभात लिहिला होता, आणि त्या वेळी माझी कोणाला दया आली नव्हती.

कांताबाई बौद्ध आहेत. हे मी आत्ता सांगतेय, पण इमारतीत ते पहिल्याच दिवशी, त्यांचं सामान चढताना सगळ्यांना कळलं होतं. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो त्यांनी हमालाकडे दिला नव्हता, स्वतः पदराखाली धरून चार जिने चढल्या होत्या. पुण्यात असल्या गोष्टी कोणी तोंडानं बोलत नाही. आपण सुधारलेले लोक, आपण फक्त प्लेटा आणायला सांगतो. आणि हो, इमारतीत मी कुसुमताई, शेजारची ती श्रद्धा वहिनी, कोणी काकू, कोणी मावशी. बाई म्हणून हाक मारतात ती एकट्या त्यांनाच.

आता त्यांच्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सांगते, आणि त्यातलं बरंचसं मला गेल्या महिन्याभरात कळलंय, याची लाज वाटते. वय चौसष्ट. कात्रजला एका डेअरीत पनीरच्या पॅकिंगला एकतीस वर्षं नोकरी. पहाटे पाचची पाळी, म्हणजे साडेतीनला उठायचं. नवरा धोंडिबा टेंपो चालवायचे. बिबवेवाडीला दोन खोल्यांचा संसार. मुलगा धम्मदीप अकरावीत असताना धोंडिबा गेले, आणि पुढे या बाईंनी दोन-दोन पाळ्या करून पोराला इंजिनियर केलं. त्यानं आयटीत नोकरी धरली, हा फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आला. निकिता नावाच्या गोड मुलीशी त्याचं लग्न झालं. थोड्याच महिन्यांत दोघं जर्मनीला गेली. मुलानं आईला चांगल्या वस्तीत आणून ठेवलं, आणि मग ठेवूनच गेला. तीन खोल्या, निकितानं हौसेनं घेतलेला आणि खोक्यातच राहिलेला ओव्हन आणि एक बाल्कनी, एवढं कांताबाईंच्या वाट्याला आलं.

त्यांना अजूनही साडेतीनला जाग येते. पाचपर्यंत आंघोळ, केरवारा, सगळं उरकतं आणि मग अख्खा दिवस तसाच पुढ्यात पडलेला असतो. त्या बाल्कनीत उभ्या राहतात. आमचा चौघींचा फिरायला जाणारा गट सहाला निघतो. फिरणं कसलं, अर्धा तास पाय हलवायचे आणि कोपऱ्यावरच्या गाडीवर कांदेपोहे हाणायचे. येताना वर बघितलं की कांताबाई कठड्याशी असायच्याच. मी हात करायची, त्याही करायच्या. एवढ्या हात करण्यावर आमची चार वर्षांची ओळख चाललेली होती. रविवारी त्या पांढरी साडी नेसून बसनं बिबवेवाडीच्या विहारात जायच्या आणि दुपारी परत यायच्या. बाकीचे सहा दिवस त्यांच्या दारावरची बेल दूधवाल्याखेरीज कोणी वाजवत नसे.

एकदा मात्र त्यांनी सगळ्यांच्या दारावरची बेल वाजवली होती. आल्या त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला त्यांनी खीर केली आणि झाकणाच्या छोट्या वाट्यांतून प्रत्येक घरी दिली. आम्ही सगळ्यांनी, अगबाई, कशाला त्रास घेतलात, म्हणत हसून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचरा टाकायला खाली गेले तर ओल्या कचऱ्याच्या डब्यापाशी कांताबाई उभ्या. डब्यात नऊ वाट्या होत्या, झाकणंसुद्धा न उघडलेल्या. त्यांनी डब्याचं झाकण हळूच लावलं आणि मला म्हणाल्या की आज गाडी उशिरा येणार वाटतं. माझी वाटी त्या नवांत नव्हती. मी ती कामवालीला दिली होती. टाकली नाही हो, दिली, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस समजावत होते. त्यानंतर खीर कधी आली नाही.

यंदा आमच्याकडे नवीन लिफ्ट बसली. जुनी आठ महिने बंद होती, आणि चौथ्या मजल्यावरच्यांचे गुडघे देशोधडीला लागले होते. त्यामुळे अध्यक्ष सर्जेराव यांनी सव्वीस जानेवारीला संध्याकाळी लिफ्टचं उद्घाटन आणि गच्चीवर जेवण असं जाहीर केलं. आमच्याकडे लिफ्टचंही उद्घाटन होतं, त्यात हसण्यासारखं काही नाही. मी यादी करायला बसले आणि त्याच दिवशी दुपारी कांताबाई माझ्या दाराशी आल्या.

आत या म्हटलं तरी आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच म्हणाल्या की यंदा माझ्या नावावर एक पदार्थ लिहा, प्लेटाही आणीनच, पण पदार्थ लिहा. कोणता, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, गरम चीज. धम्मदीप जर्मनीत ऑफिसच्या पार्टीला करतो, फार सोपं असतं, त्यानं फोनवर दाखवून दाखवून शिकवलंय. मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. मुलगा दर रविवारी एकच विचारतो, आई, तिथे तुझं कोण आहे? त्या दर रविवारी सांगतात की सगळे आहेत, सारखे बोलावतात, माझ्यावाचून पान हलत नाही. आता तो म्हणाला होता की मग पार्टीला तू हे कर, आणि रिकाम्या भांड्याचा फोटो पाठव मला.

"मला ते रिकामं भांडं त्याला दाखवायचंय, कुसुमताई," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको."

मी लिहिलं. आता खोटं कशाला बोलू, लिहिताना पेन क्षणभर अडलं. बाकीच्या बायका काय म्हणतील हे मनात आलंच. मग लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं. त्यांनी मला आधी एकदा चाखून बघायला घरी बोलावलं. सोमवारी दुपारी या म्हणाल्या, मीठ-तिखट पुढेमागे झालं तर तुम्ही सांगा. मी बरं म्हटलं.

त्या सोमवारी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात पाऊल ठेवलं. घर लखलखीत. ओव्हन खोक्यातून निघून ओट्यावर बसला होता आणि खोकं घडी घालून फ्रिजमागे जपून ठेवलेलं होतं. कांताबाईंनी डोक्याला पांढरी कापडी टोपी घातली होती, हातात पातळ मोजे. मला हसू आलं, तर म्हणाल्या, डेअरीची सवय आहे, मालाला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आणि काम काय सुरेख करत होत्या. दोन प्रकारची चीजं किसून ठेवलेली, एक आपलं नेहमीचं आणि एक पिझ्झ्यावरचं, तार सुटणारं. लोण्यात लसूण अगदी मंद परतला, लाल होऊ दिला नाही. थंड दुधात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून ते लसणात ओतलं आणि ढवळत दाट केलं. गॅस बंद करून मग चीज घातलं. याला उकळी आली की तूप सुटतं आणि खाली चिवट गोळा राहतो, हे मला त्यांनी शिकवलं. वर बारीक मिरची, कोथिंबीर आणि घरची लसणाची लाल चटणी चमचाभर. ही चटणी धम्मदीपच्या जर्मनीत नाही, ही माझी भर, असं म्हणताना त्यांचा चेहरा फुलला होता. सगळं काचेच्या पसरट भांड्यात ओतून पंधरा मिनिटं ओव्हनमध्ये. तोवर पावाच्या उभ्या पट्ट्या तव्यावर कडक भाजून काढल्या. त्या चीजमध्ये बुडवून खायच्या.

भांडं बाहेर आलं तेव्हा कडेनं बुडबुडे येत होते आणि वास असा सुटला होता की माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. त्या म्हणाल्या की हे दहा मिनिटांत खायचं, गार झालं की कातडं होतं, मग पुन्हा तापवूनही उपयोग नसतो. बोलता बोलता हसून सांगू लागल्या की एकतीस वर्षं आमच्या पाळीचं पनीर पुण्यातल्या घराघरांत गेलं, तुम्हीसुद्धा माझ्या हातचं पुष्कळ खाल्लं असेल. मग त्यांनी बशीत दोन पट्ट्या, वर दोन चमचे चीज घातलं आणि बशी माझ्यापुढे धरली.

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. मी सुशिक्षित बाई. घरात आम्ही हे पाळलं नाही कधी, म्हणजे पाळत नाही असं म्हणत आलो. पण बशी पुढे आली आणि माझा हात मांडीवरून हललाच नाही. कोणी बघत नव्हतं, कोणी काही म्हणणार नव्हतं. तरी तोंडातून निघून गेलं.

"आज नको हो. माझा सोमवारचा उपास असतो."

कांताबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बशी ओट्यावर ठेवली, वर ताटली झाकली आणि म्हणाल्या की असं होय, मला आधी माहीत असतं तर मंगळवार सांगितला असता. मग मी वासावरूनच पदार्थाचं भरभरून कौतुक केलं. वास घेऊन मीठ बरोबर आहे असंसुद्धा म्हणाले, इतकी मी वाहवत गेले. त्यांनी मला नुसतं पाणी दिलं. ते मी प्यायले.

सव्वीस जानेवारी त्याच्या बरोब्बर पुढचा सोमवार होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. खोटं बोलणाऱ्यानं कॅलेंडर बघायला हवं.

संध्याकाळी सातला लिफ्टची फीत कापली. सर्जेराव एकटेच आधी वर-खाली जाऊन आले, जसं काही चंद्रावर. मग सगळे गच्चीवर जमलो. मी माइकच्या शेजारच्या प्लगातून वायर ओढून कांताबाईंच्या ओव्हनची सोय केली होती, आणि त्यांनी हिशेबानं पावणेआठला भांडं आत ठेवलं होतं, म्हणजे आठला भाषण संपतं न संपतं तोच गरम बाहेर. पण सर्जेरावांचं भाषण कधी वेळेत संपलंय? त्यांनी लिफ्टवरून सुरुवात केली ती संविधानावर गेले, बंधुता म्हणजे काय हे पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. आठ वीसला टाळ्या झाल्या. तोवर कांताबाईंनी चीज बाहेर काढून पुन्हा एकदा आत ठेवलं होतं.

जेवणं सुरू झाली. टेबलांची रांग मीच लावलेली, कांताबाईंचं टेबल पाण्याच्या टाकीच्या बाजूला, प्लगाजवळ. त्यांनी चांगली जांभळी साडी नेसली होती आणि वर ती पांढरी टोपी, हातात मोजे. प्लेटांचा गठ्ठा सुरुवातीच्या टेबलावर ठेवला होता. लोक तिथून त्यांनी आणलेली प्लेट उचलायचे, दाबेली घ्यायचे, पुलाव घ्यायचे, बटाटेवडे घ्यायचे आणि शेवटच्या टेबलाच्या अलीकडून वळायचे. हसूनच वळायचे. श्रद्धा म्हणाली की पोट भरलंय, नंतर येते. एकीच्या मुलीला चीजनं कफ होतो. सर्जेरावांना डॉक्टरांनी चीज बंद केलंय, हे त्यांनी चार गुलाबजाम घेतलेली प्लेट हातात धरून सांगितलं. एकेकाचं कारण ऐकलं तर खरंच वाटावं. मी पंधरा जणांची ऐकली.

लिफ्ट बसवायला आलेला फिटर वैजनाथ, लातूरकडचा, पन्नाशीचा माणूस, त्याला जेवूनच जा म्हटलेलं होतं. तो एकटा तिथे गेला. दोन पट्ट्या खाल्ल्या, मग आणखी चार घेतल्या आणि टाकीला टेकून मन लावून खाल्लं. कांताबाईंनी त्याला आग्रह करकरून वाढलं. मग त्यालाही नऊची बस होती, तो गेला.

कांताबाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या की हात लागलेला नाही, मोजे घालूनच केलंय सगळं. डेअरीत सांगतात तशा स्वच्छतेच्या सुरात सुरुवात केली होती त्यांनी. तिसऱ्या-चौथ्या माणसापासून तो सूर बदलला. हात लागलेला नाही, हे त्या आता हळू आवाजात, समजूत घालावी तसं म्हणायला लागल्या. त्यांना सगळं कळत होतं. त्या खिरीपासून कळत होतं.

तिसऱ्यांदा त्यांनी भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि बाहेर काढलं, तेव्हा वर पिवळी सुरकुतलेली साय धरली होती. त्यांनी चमच्यानं टोचून पाहिलं आणि ओव्हनचं बटण बंद केलं. मी लांबून बघत होते. मग मात्र मला राहवेना. लाज वाटली, राग आला, सगळ्यांचा आणि जास्त माझाच. मी तरातरा टाकीपाशी गेले, प्लेट पुढे केली आणि म्हटलं, मला वाढा, भरपूर वाढा.

कांताबाईंनी चमचा उचलला नाही. त्यांनी माझ्या प्लेटकडे पाहिलं. प्लेटमध्ये अर्धी खाल्लेली दाबेली होती, एक वडा आणि पुलाव.

"राहू दे, कुसुमताई," त्या म्हणाल्या. "आज सोमवार आहे."

मी प्लेट खाली घेतली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. धम्मदीप होता, व्हिडिओवर. त्याच्याकडे दुपार होती, ऑफिसातून वेळ काढून त्यानं लावला होता. कांताबाईंनी चटकन टोपी काढली, केस सारखे केले, भांड्यावर ताट झाकलं आणि हसून बोलायला लागल्या. झालं, संपलं, केव्हाच संपलं, फोटो काढायला भांडंसुद्धा हाती राहिलं नाही, कोणीतरी घासायला नेलं. लोक भांडं पुसून खात होते म्हणाल्या. तो पलीकडून आनंदानं हसत होता. मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. कुसुमताईंना विचार, म्हणाल्या.

मी त्याला सांगितलं की फार छान झालं होतं. सोसायटीत असं कधी कोणी केलं नव्हतं, असंही सांगितलं. त्यानं विचारलं, "आईनं लसूण जास्त नाही ना घातला, काकू? तिला सवय आहे."

मला काय ठाऊक. कांताबाईंनीच फोन परत घेतला आणि म्हणाल्या की नाही रे, बेताचाच होता. मग त्यांनी ओव्हनची वायर गुंडाळली. ओव्हन सकाळी नेते म्हणाल्या, आणि झाकलेलं भांडं दोन्ही हातांत धरून जिन्यानं खाली गेल्या. लिफ्टमध्ये तोवर सगळी पोरं चढली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगून काही माझी पापं फिटत नाहीत. सकाळी मी फिरायला गेले नाही. सात वाजता चौथ्या मजल्यावर जाऊन बेल दाबली. कांताबाईंनी आतलं दार उघडलं, जाळीचं दार तसंच लावलेलं. आत ओट्यावर ते काचेचं भांडं दिसत होतं आणि शेजारी बशीत चीजचा कापलेला तुकडा आणि चहा. कालचंच खात होत्या. डेअरीतल्या माणसाला टाकवत नाही, माझी नजर बघून त्या म्हणाल्या, दोन दिवस पुरेल.

मी म्हटलं, त्यातलं मला द्या. त्यांनी नाही म्हटलं. गार चीज मी कोणाला देत नाही, म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता, नियम सांगावा तसं म्हणाल्या.

मग मी ठरवून आले होते ते बोलून टाकलं. पोस्टात चौतीस वर्षं लोकांवर ओरडले, पण एवढं अवघड वाक्य मला कधी बोलावं लागलं नव्हतं. "कांताताई, मला सोमवारचा उपास नसतो. कधीच नव्हता."

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी सकाळी तुम्ही कोपऱ्यावर पोहे खाता. वर शेव घालून. मी बाल्कनीतून बघते की."

मला धरणी दुभंगावी असं झालं. म्हणजे त्या दुपारी, बशी हातात असतानाच त्यांना कळलं होतं. तरी त्यांनी मला पाणी विचारलं, दारापर्यंत सोडायला आल्या, जपून उतरा म्हणाल्या. मी विचारलं की मग तेव्हाच का नाही बोललात, तोंडावर का नाही सांगितलंत मला?

पदराच्या टोकानं कांताबाईंनी जाळीवरची धूळ पुसली, नसलेली.

"चार वर्षांत तुम्ही पहिल्याच माझ्या घरात आला होतात," त्या म्हणाल्या. "बोलले असते तर उठून गेला असतात."

आत गॅसवर दूध वर येत होतं. ते बघून त्यांनी जाळीच्या दाराची कडी काढली आणि तशाच घाईनं आत वळल्या. या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. दार उघडं होतं. मी पायपुसण्यावर तशीच उभी राहिले बराच वेळ, आणि मग चपला काढल्या.